प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत नववी-दहावीचे विज्ञान प्रयोगांतून कसे शिकवावे?

प्रश्न
विज्ञान शिक्षिका, केज तालुका, जिल्हा बीड

नमस्कार. मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे प्रयोगशाळेची वेगळी खोली नाही. मुख्याध्यापकांच्या दालनात एक कपाट आहे आणि त्यात काही परीक्षानळ्या, दोन बहिर्वक्र भिंगे, एक चुंबकसूची आणि लेबले पुसट झालेल्या रसायनांच्या बाटल्या आहेत. त्या बाटल्यांत नेमके काय आहे याची खात्री नसल्यामुळे मी मुलांना त्यांना हात लावू देत नाही. वर्गात साठच्या आसपास मुले-मुली आहेत. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे प्रयोगांच्या चित्रफिती दाखवून काम भागवणेही जमत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, पण काही आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. म्हणून सगळ्या मुलांना घेऊन जे काही करायचे ते जून ते ऑक्टोबर या काळातच करावे लागते.

मात्र मला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट वेगळीच आहे. आमची मुले प्रयोगवही सुरेख लिहितात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, आकृती, सगळे जागच्या जागी असते. पण निष्कर्ष प्रयोग होण्याआधीच लिहून झालेला असतो, कारण तो पुस्तकात छापलेला आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच माहीत आहे तो करताना मुलांना विचार करण्याची गरजच पडत नाही. कमी खर्चात, मोठ्या वर्गात होऊ शकतील आणि मुलांना खरोखर डोके चालवायला लावतील असे प्रयोग आपल्यापैकी कोणी केले असतील, तर कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
निवृत्त विज्ञान शिक्षक, निलंगा, जिल्हा लातूर

मॅडम, आपल्या प्रश्नाचा शेवटचा परिच्छेदच सर्वांत महत्त्वाचा आहे. साहित्य कमी असणे ही अडचण आहे, परंतु उत्तर आधीच माहीत असणे ही त्याहून मोठी अडचण आहे, आणि तिच्यावरचा उपाय गावातच सापडतो. ज्याचे उत्तर पुस्तकात नाही, आपल्यालाही ठाऊक नाही आणि मोजल्याशिवाय कळणार नाही, असा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. मराठवाड्यात असा प्रश्न घरोघरी आहे आणि तो पाण्याचा आहे.

नववीच्या पुस्तकात साबण आणि अपमार्जके यांची माहिती येते. ती वाचून दाखवण्याऐवजी मुलांना घरून पाण्याचे नमुने आणायला सांगावे: बोअरचे, आडाचे, हातपंपाचे, टँकरचे, विकतच्या जारचे आणि पत्र्यावरून धरलेले पावसाचे. प्रत्येक नमुना सारख्या आकाराच्या, स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत असावा आणि बाटलीवर पाणी कोठून व केव्हा घेतले याची चिठ्ठी चिकटवावी. पाऊस लांबला असेल, तर तुलनेसाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी दुकानातून आणता येते.

साबणाचे द्रावण मात्र काळजीपूर्वक करावे लागते. कपड्यांची पावडर आणि बाजारातील पुष्कळशा धुण्याच्या वड्या ही अपमार्जके असतात. ती जड (दुष्फेन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे साबणाला सहज फेस येऊ न देणाऱ्या) पाण्यातही फेस देतात, त्यामुळे फरक दिसतच नाही. अंघोळीचा असा साबण घ्यावा ज्याच्या वेष्टनावर टीएफएम (एकूण स्निग्ध घटकांचे प्रमाण) ७६ टक्के किंवा त्याहून अधिक लिहिलेले आहे. त्याचा कीस कोमट पावसाच्या पाण्यात रात्रभर विरघळू द्यावा आणि सकाळी वरचे द्रावण गाळून घ्यावे. प्रत्येक गटाने २० मिलिलिटर नमुना बाटलीत घ्यावा, सुई काढलेल्या नव्या सिरिंजने साबणाचे पाच थेंब घालावेत, झाकण लावून दहापर्यंत मोजत हलवावे आणि फेस अर्धा मिनिट टिकतो का ते पाहावे. टिकला नाही तर आणखी पाच थेंब. फेस टिकेपर्यंत एकूण किती थेंब लागले, हा त्या पाण्याचा आकडा झाला.

थेंब घालण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहून त्यावर तारीख टाकावी: कोणत्या पाण्याला सर्वांत जास्त साबण लागेल आणि का. हा अंदाज नंतर खोडू द्यायचा नाही. अंदाज चुकला तरच विचाराला खरी सुरुवात होते, म्हणून चुकलेल्या अंदाजाला गुण कापू नयेत, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे.

पावसाच्या पाण्याला थोडेच थेंब पुरतात, तर बोअरच्या पाण्याला त्याच्या कितीतरी पट लागतात आणि वर फेसाऐवजी पांढरट साका तरंगतो. हा साका म्हणजे पाण्यातील कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम यांच्याशी साबणाची अभिक्रिया होऊन तयार झालेला अविद्राव्य पदार्थ होय. तो पूर्ण बनून झाल्याशिवाय फेसाला साबण उरत नाही. दुसऱ्या तासाला तेच बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळून, थंड करून, गाळून पुन्हा तपासावे. थेंब कमी लागले, तर तेवढा जडपणा बायकार्बोनेटमुळे होता आणि तो उकळल्याने गेला. उरलेला जडपणा धुण्याच्या सोड्याची चिमूट टाकून जातो का, हे मुलांनीच सुचवावे आणि तपासावे. घरच्या पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या बुडाशी बसलेला पांढरा थर खरवडून आणायला सांगावा. त्यावर लिंबू पिळले की फसफसते, आणि तो वायू नव्या सलाईनच्या नळीतून चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. आम्ल, क्षार, कार्बनी व अकार्बनी संयुगे, अभिक्रियेचे समीकरण, हे सगळे त्या एका खरवडीत सामावलेले आहे. निवळी मात्र शिक्षकांनी स्वतः करावी, कारण खायचा चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जारच्या पाण्याला कमी साबण लागला की मुले लगेच “हे पाणी चांगले” असे म्हणतात. तेथेच थांबवून विचारावे की आपण नेमके काय मोजले. आपण फक्त जडपणा मोजला. त्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत, नायट्रेट किंवा फ्लोराइड किती आहे, याविषयी ही चाचणी काहीही सांगत नाही. जड पाणी पिण्यास अपायकारक असतेच असे नाही आणि मऊ पाणी निर्जंतुक असतेच असेही नाही. एका चाचणीतून किती निष्कर्ष काढता येतो आणि किती काढता येत नाही, हे पंधराव्या वर्षी समजणे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २
माध्यमिक शिक्षक, उमरगा, जिल्हा धाराशिव

सरांनी पाण्याविषयी लिहिले, मी गतीच्या नियमांविषयी लिहितो. आमच्या भागात जडत्व शिकवताना पेल्यावरचा पुठ्ठा आणि नाणे यांपाशी थांबावेसे वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती आणि लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे १०,००० माणसे त्यात गेली. त्या भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. मग एवढी घरे का कोसळली? हा प्रश्न वर्गात ठेवला की न्यूटनचे तिन्ही नियम त्याच्या उत्तरासाठी लागतात.

दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर लाकडी फळ्यांवर टाकलेला मातीचा जाड थर म्हणजे माळवद. उन्हाळ्यात हे घर गार राहते, परंतु छताचे वजन प्रचंड असते. जमीन एकाएकी बाजूला सरकते तेव्हा छत जडत्वामुळे जागीच राहू पाहते. त्याला जमिनीबरोबर हलवण्यासाठी लागणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि ते बल भिंतीच्या सांध्यांतून जावे लागते. मातीत रचलेले दगड दाब पेलतात, ओढ पेलू शकत नाहीत. त्यात भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंफणारे आरपार दगड नसले, तर भिंत मधोमध फाटून दोन्ही बाजूंना ढासळते. काही घरांत लाकडी खांबांवरचे खण उभे राहिले आणि भोवतीच्या भिंती मात्र पडल्या, हेही त्या वेळच्या पाहणीत दिसले होते.

वर्गात करायची कृती अशी. एका फळीखाली सारख्या गोट्या ठेवाव्यात, म्हणजे फळी आडवी सहज सरकते. फळीवर लहान खडे ओल्या मातीत रचून वीतभर लांबीच्या चार भिंतींची खोली करावी आणि ती दोन दिवस सावलीत वाळू द्यावी. तीन गटांनी तीन सारख्या खोल्या कराव्यात: एकीवर मातीच्या जाड थापीचे छत, दुसरीवर पुठ्ठ्याचे हलके छत, आणि तिसरीवर जड छतच, पण दाराच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींभोवती तारेचा पट्टा आवळलेला. नंतर फळी टप्प्याटप्प्याने जोरात हलवावी. कोणती खोली किती हेलकाव्यांनंतर पडते आणि पहिली भेग कोठे पडते, हे मुलांनी नोंदवावे. पहिली भेग बहुधा कोपऱ्याशी किंवा दाराच्या वरच्या कोनात दिसते. त्यानंतर मुलांनी आपापल्या घराचे कोपरे आणि छत पाहून टिपण करावे. दहावीच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या पाठालाही हेच टिपण उपयोगी पडते.

घरातील वडीलधाऱ्यांना त्या दिवसाविषयी विचारायला सांगायचे असेल, तर आधी पालकांशी बोलावे. आमच्या वर्गात ज्यांच्या घरचे कोणी गेले आहेत अशी मुले आजही असतात. जे सांगू इच्छितात त्यांच्याकडूनच ऐकावे.

उत्तर ३
विज्ञान शिक्षिका, जिंतूर तालुका, जिल्हा परभणी

ताई, आपल्याला जून ते ऑक्टोबर हाच काळ मिळतो, आणि सोयाबीनचा हंगामही नेमका तोच आहे. शाळा उघडताच पेरणीची लगबग असते. मुलांनी घरच्या बियाण्यातून न निवडता १०० दाणे मोजून आणावेत, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ओलसर ठेवावे आणि आठवड्याने उगवलेले दाणे मोजावेत. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरण्यायोग्य समजतात, हे शेतकऱ्यांना माहीत असतेच. मुलांचा आकडा घरी थेट उपयोगी पडतो, त्यामुळे पालकही त्यात लक्ष घालतात. “न निवडता” हा शब्द मात्र मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजी त्यांना करून पाहू द्यावा: एका गटाने टपोरे दाणे वेचून घ्यावेत, दुसऱ्याने मूठभर काढून जसे येतील तसे मोजावेत, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने, शेतकऱ्याची परवानगी घेऊन, वाफशावर काही रोपे मुळांसकट खोदून काढावीत. उपटू नयेत, कारण उपटल्याने मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुतली की गाठी दिसतात. गाठ ब्लेडने कापून आतला रंग पाहावा: गुलाबी-तांबूस असेल तर रायझोबियम जिवाणू नत्र स्थिर करत आहेत, पांढरट किंवा हिरवट असेल तर ती गाठ कामाची नाही किंवा तिचे काम संपले आहे. हा रंग गाठीतील लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. शेजारच्या ज्वारीचे किंवा मक्याचे मूळ आणून तुलना करावी. ज्या शेतात रायझोबियमची बीजप्रक्रिया केली होती आणि ज्यात केली नव्हती, तेथील गाठींची संख्या वेगळी येते का, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, कारण ते त्या त्या शेतावर अवलंबून आहे. ब्लेड शिक्षकांच्या हातात असावे, एवढेच पथ्य.

उत्तर ४
माध्यमिक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

वरील सर्व सूचना मला पटतात, तरीही एक अडचण स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. दहावीला विज्ञानाच्या ४०-४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि २० गुणांचे प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापन असते. पालक, संस्था आणि मुले स्वतः या गुणांकडे डोळे लावून बसलेली असतात, आणि ज्या मुलाला पुढे तंत्रनिकेतन किंवा विज्ञान शाखा गाठायची आहे त्याच्यासाठी ते गैर नाही. पाण्याच्या प्रयोगाला दोन-तीन तास लागतात. दहावीच्या प्रत्येक पाठाला असा वेळ दिला तर अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही.

माझा अनुभव असा की मोठे, उघड्या प्रश्नाचे प्रयोग नववीला करावेत आणि दहावीला निवडक दोन-तीनच ठेवावेत. इतर पाठांत प्रयोगाचा एक लहानसा भाग पुरतो. ओहमचा नियम घ्या. दोन शेल, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि शिसपेन्सिलीतून अख्खी काढलेली कांडी एवढ्यावर वीस मिनिटांत काम होते. कांडीला शेलशी जोडून तिची अर्धी, पाऊण आणि पूर्ण लांबी परिपथात घेतली की धारा कशी बदलते ते दिसते. वर्गातील प्रत्येक गटाने एकच वाचन घ्यावे आणि सर्वांची वाचने मिळून फळ्यावर आलेख काढावा, म्हणजे एक मल्टिमीटर साठ मुलांना पुरतो. घरातील प्लगची वीज आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांना मात्र कोणत्याही कारणाने प्रयोगात स्थान देऊ नये. त्या बॅटरीचा व्होल्टेज कमी असला तरी तारा एकमेकींना लागल्यास क्षणात भाजण्याइतकी धारा वाहते.

कपाटातील बिनलेबलाच्या बाटल्यांविषयी आपण घेतलेला निर्णय योग्य आहे. त्या मोरीत ओतू नयेत. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने कुलूपबंद ठेवाव्यात आणि जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाचा सल्ला घेऊन त्यांची विल्हेवाट लावावी.

मूळ प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. संभाजीनगरच्या सरांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्यामुळेच मी नववीपासून सुरुवात करणार आहे. पहिल्या पावसाचे पाणी धरून ठेवण्याचे काम मुलांना जूनमध्येच देईन. एक शंका उरते. नववीचा “कार्य आणि ऊर्जा” हा पाठ मला नेहमी कोरडा वाटतो. त्यातील उदाहरणे सोडवून मुले सूत्रात आकडे घालायला शिकतात, पण ज्यूल म्हणजे किती हे त्यांच्या अंगवळणी पडत नाही. यासाठी गावातला एखादा प्रश्न सुचवता येईल का?

उत्तर ५
निवृत्त विज्ञान शिक्षक, निलंगा, जिल्हा लातूर

मॅडम, शेतातील मोटार घ्यावी. मुलांनी शेतकऱ्याच्या देखरेखीखाली फक्त वेळ मोजायची आहे. स्टार्टरच्या पेटीजवळ जायचे नाही, ती शेतकऱ्यानेच हाताळावी. २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजावे. मोटार किती अश्वशक्तीची आहे ते खरेदीच्या पावतीवर सापडते. आता समजा पाणी ४० मीटरवरून वर येते आणि ड्रम ५० सेकंदांत भरतो. २०० किलोग्रॅम गुणिले ९.८ गुणिले ४० म्हणजे ७८,४०० ज्यूल इतके कार्य झाले. ते ५० सेकंदांत झाले, म्हणून पाणी उचलण्याची शक्ती १,५६८ वॅट. मोटार ५ अश्वशक्तीची असेल तर ती ३,७३० वॅटची. म्हणजे निम्म्याहून कमी शक्ती प्रत्यक्ष पाणी उचलण्यात गेली. उरलेली कोठे गेली, यावर मुलांना बोलू द्यावे. पाइपातील घर्षण, पंपाच्या आतील गळती आणि उष्णता ही उत्तरे थोड्या विचाराने त्यांच्याकडूनच येतात. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल हे त्यानंतर सांगितले, तर त्या ज्यूलला वजन येते.

यात एक जागा अशी आहे जेथे बहुतेक मुले अडखळतात, आणि तेथे घाई करू नये. मोटार ९० मीटरवर सोडलेली असली तरी पाणी ९० मीटर उचलावे लागत नाही. बोअरमध्ये पाण्याची पातळी जेथे आहे तेथपासूनच उंची मोजायची, कारण त्या पातळीपर्यंतचे पाणी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आधीच तोलून धरलेले असते. मुलांना हे पटवायचे तर पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवलेला तांब्या वर काढायला सांगावा आणि तो पाण्याच्या आत व पाण्याबाहेर हाताला किती जड लागतो ते विचारावे. बोअरमधील पातळीचा अंदाज शेतकरी दोर सोडून किंवा बोअर घेतानाच्या अनुभवावरून सांगू शकतो.

मोटार सुरू होताच भरलेला पहिला ड्रम आणि तासाभराने भरलेला ड्रम, या दोघांना लागलेला वेळ वेगवेगळा नोंदवायला सांगा. उपसा सुरू राहिला की बोअरमधील पातळी खाली जाते, उंची वाढते आणि त्याच मोटारीला ड्रम भरायला अधिक वेळ लागतो. जून आणि ऑक्टोबर अशा दोन्ही वेळा हीच मोजणी त्याच बोअरवर झाली, तर पावसाळ्यात पातळी किती वर आली याचा अंदाज मुलांना त्या सेकंदांवरूनच बांधता येईल. ऑक्टोबरची नोंद टोळ्या निघण्याआधीच्या आठवड्यात घ्यावी, म्हणजे जूनमध्ये ज्यांनी मोजले होते तीच मुले पुन्हा हजर असतील.